किण्व आणि श्वास : एका जुन्या वादाची हकिकत



आज विषय जरा वेगळा आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसानं पेशींच्या श्वसनावर बोलायचं म्हणजे काहींना नवल वाटेल. पण हा विषय शेवटी तत्त्वज्ञानाच्या दारात येऊन उभा राहतो, आणि खरं सांगायचं तर त्याची सुरुवातही तिथूनच झाली आहे.

रात्री आपण इडलीचं पीठ आंबवायला ठेवतो. सकाळी ते फुगून वर आलेलं असतं, त्यात बुडबुडे असतात, आंबूस वास असतो. त्याच रात्री आपण पलंगावर झोपलेलो असतो. छाती वर-खाली होत असते, अंग कोमट असतं. आता प्रश्न असा, की भांड्यात जे चाललंय आणि अंगात जे चाललंय, त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? आणि दुसरा प्रश्न, जो पहिल्यापेक्षा अवघड आहे : हे काम करतं कोण? पदार्थ करतात, की जीव करतो?

आंबवण्याच्या क्रियेला आपण शास्त्रीय मराठीत 'किण्वन' म्हणतो. हा शब्द 'किण्व' या संस्कृत शब्दावरून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्यविभागाच्या अधिकाऱ्यासाठी जे प्रकरण आहे, त्यात किण्व तयार करण्याची कृती दिलेली आहे. तिच्यात मुख्य जिन्नस कोणते? उडीद आणि तांदूळ. म्हणजे आपल्या इडलीचेच.

आणि हेच किण्व लोकायतांनी, म्हणजे चार्वाकपंथीयांनी, आपल्या युक्तिवादात दाखला म्हणून वापरलं. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रह' या ग्रंथात तो दिलेला आहे; शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात तो पूर्वपक्ष म्हणून घेतला आहे. युक्तिवाद साधा आहे. किण्वात पडणाऱ्या एकाही जिनसात मादकता नाही, पण ते एकत्र आले की मादकता उत्पन्न होते. तसंच पृथ्वी, आप, तेज, वायू या भूतांमध्ये चैतन्य नाही, पण त्यांचं शरीर बनलं की चैतन्य उत्पन्न होतं. त्यासाठी वेगळा आत्मा मानायची गरज नाही.

हे मी वर्गात पुष्कळ वर्षं शिकवलं. पण दाखला म्हणून जे किण्व घेतलं जातं, त्यात प्रत्यक्षात काय घडतं हे बघावं असं मला बऱ्याच उशिरा सुचलं. मग लक्षात आलं, की अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जवळजवळ दोनशे वर्षं युरोपातले रसायनशास्त्रज्ञ आणि जीवशास्त्रज्ञ याच दाखल्यावरून भांडत होते. त्या भांडणाची हकिकत आज सांगायची आहे.

सुरुवात करू या लव्हॉझिएपासून. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लव्हॉझिए आणि लाप्लास यांनी एक उपकरण बनवलं. मधोमध एक पिंजरा, त्याच्याभोवती बर्फ, आणि बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून त्याभोवती बर्फाचं आणखी एक आवरण. पिंजऱ्यात गिनीपिग ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेनं किती बर्फ वितळतो हे मोजलं : दहा तासांत सुमारे १३ औंस. मग तेवढ्याच वेळात तो प्राणी किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो ते मोजलं, आणि तेवढाच वायू निघेल इतका कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल याचा हिशोब केला. दोन आकडे तंतोतंत जुळले नाहीत, प्राण्याचा आकडा थोडा जास्त आला. पण ते इतके जवळ होते की लव्हॉझिएनं निष्कर्ष काढला : श्वसन म्हणजे मंद ज्वलन. मेणबत्तीत जे भरभर होतं, ते प्राण्यात सावकाश होतं.

हे फार मोठं पाऊल होतं. अंगची ऊब म्हणजे हृदयात तेवणारी एखादी दैवी ज्योत, अशी कल्पना शतकानुशतकं चालत आलेली होती. त्या ऊबेचा आता तराजूवर हिशोब झाला.

पुढे १७८९ च्या आपल्या ग्रंथात त्यानं किण्वनाचाही असाच हिशोब मांडला. १०० पौंड साखर, ४०० पौंड पाणी आणि १० पौंड यीस्टचा लगदा. आत गेलं किती आणि बाहेर आलं किती? अल्कोहोल इतकं, कार्बन डायऑक्साइड इतका. क्रियेपूर्वी जेवढं द्रव्य, तेवढंच क्रियेनंतर, हा नियम त्यानं याच ठिकाणी मांडला. त्याचे साखरेच्या घटनेचे आकडे चुकीचे होते, पण निष्कर्ष बरोबर होता : साखरेचे दोन भाग होतात, एक अल्कोहोल आणि दुसरा कार्बन डायऑक्साइड.

पण या जमाखर्चात एक गोष्ट बघा. ते १० पौंड यीस्ट. ते जमेच्या बाजूला लिहिलेलं आहे, त्याचं वजनही आहे. पण ते काय आहे, ते तिथं काय करतं, याबद्दल लव्हॉझिएला फारसं काही म्हणायचं नाही. वहीत नाव आहे, काम लिहिलेलं नाही. पुढचं सगळं भांडण त्या १० पौंडांवरून झालं.

लव्हॉझिएला ते बघायला मिळालं नाही. तो सरकारी करवसुलीच्या कंपनीत भागीदार होता. ८ मे १७९४ रोजी क्रांतीच्या काळात त्याचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला.

आता आपण येऊ १८३७ साली. तोपर्यंत सूक्ष्मदर्शक बरेच सुधारले होते. फ्रान्समध्ये कान्यार द ला तूर, जर्मनीत थिओडोर श्वान आणि फ्रिड्रिख क्यूट्झिंग, या तिघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे साधारण एकाच सुमाराला तीच गोष्ट पाहिली. यीस्ट म्हणजे गोल गोल कणांचा समूह आहे. त्या कणांना अंकुर फुटतात, ते अंकुर वाढतात, वेगळे होतात. म्हणजे यीस्ट जिवंत आहे. श्वाननं दाखवलं की उकळलेल्या साखरेच्या द्रावात फक्त तापवलेली हवा सोडली तर किण्वन होत नाही.

आता तुम्हाला वाटेल, विज्ञानजगतानं टाळ्या वाजवल्या असतील. झालं उलटंच. १८३९ साली जर्मनीतल्या एका मोठ्या रसायनशास्त्राच्या नियतकालिकात एक निनावी लेख आला. त्यात लेखकानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की आपण उत्तम सूक्ष्मदर्शकातून यीस्टचे प्राणी पाहिले. त्यांचा आकार ऊर्ध्वपातनाच्या भांड्यासारखा आहे. ते साखर खातात, आणि मागच्या बाजूनं अल्कोहोल आणि मूत्रमार्गानं कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात. मूत्राशय भरला की तो शॅम्पेनच्या बाटलीसारखा दिसतो. ही सगळी थट्टा होती. ती लिहिली होती फ्रिड्रिख व्होलर आणि युस्टुस लिबिख यांनी, म्हणजे त्या काळच्या रसायनशास्त्रातल्या दोन थोर माणसांनी. आणि नियतकालिकाच्या संपादकांत लिबिख स्वतः होते.

इथे लिबिखवर राग काढणं सोपं आहे. पण तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात एक शिस्त आम्ही पाळतो : प्रतिपक्षाचं म्हणणं आधी त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडायचं, आपल्या परंपरेत ज्याला पूर्वपक्ष म्हणतात तो. तर लिबिखचा पूर्वपक्ष काय होता?

पहिली गोष्ट, १८२८ साली याच व्होलरनं प्रयोगशाळेत युरिया तयार केला होता. सजीवांच्या शरीरातच बनणारा पदार्थ त्याविना बनला. जिथं जिथं 'प्राणशक्ती' हा शब्द होता, तिथं तिथं रसायन पोचेल, ही आशा त्यातून आली होती. दुसरी गोष्ट, १८३३ साली पायां आणि पेर्सो या दोघांनी मोड आलेल्या जवापासून एक चूर्ण वेगळं केलं होतं; ते पिष्टाचं साखरेत रूपांतर करायचं. त्याला 'डायास्टेज' म्हणत. हे चूर्ण जिवंत नव्हतं, पण काम करत होतं. व्होलर आणि लिबिख यांनी स्वतः कडू बदामातल्या अशाच एका पदार्थाचा अभ्यास केला होता. म्हणजे निर्जीव पदार्थ किण्वासारखं काम करतात याचा पुरावा त्यांच्या हातात होता. मग अल्कोहोलच्या बाबतीतच जीव कशाला मध्ये आणायचा? 'जीव करतो' असं म्हटलं की स्पष्टीकरण संपलं, पुढे काही विचारायचं नाही. लिबिखला भीती होती ती या पडद्याची.

ही भीती योग्य होती. पण तिच्यापायी समोरच्यानं डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूची टिंगल झाली, ती अयोग्य होती. परिणाम असा, की पुढची जवळजवळ वीस वर्षं यीस्ट जिवंत आहे ही गोष्ट मोठ्या रसायनशास्त्रज्ञांच्या लेखी बाजूला पडली. लिबिखचा सिद्धांत चालू राहिला : यीस्ट हा कुजणारा नत्रयुक्त पदार्थ आहे, त्याच्या कुजण्याची हालचाल साखरेला लागते आणि साखर फुटते.

आता लुई पाश्चर. १८५४ साली तो लील शहरात विज्ञान विद्याशाखेचा प्रमुख झाला. त्या भागात बीटापासून अल्कोहोल काढण्याचे कारखाने होते. १८५६ मध्ये बिगो नावाचा एक कारखानदार त्याच्याकडे आला. त्याच्या टाक्यांतलं किण्वन बिघडत होतं. पाश्चर टाक्यांपाशी गेला, नमुने आणले, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तिथून १८५७ चा लॅक्टिक किण्वनावरचा आणि १८६० चा अल्कोहोली किण्वनावरचा, असे दोन प्रसिद्ध निबंध आले.

१८६० चा प्रयोग फार नेमका आहे. पाश्चरनं शुद्ध खडीसाखरेचं पाणी घेतलं, त्यात अमोनियाचा एक क्षार आणि यीस्ट जाळून केलेली राख घातली. म्हणजे कुजू शकेल असा कोणताही नत्रयुक्त सेंद्रिय पदार्थ त्यात नव्हता. मग टाचणीच्या डोक्याएवढं ताजं यीस्ट सोडलं. लिबिख बरोबर असेल, तर इथे काही होता कामा नये, कारण कुजायला काही नाहीच. पण यीस्ट वाढलं, त्याचं वजन वाढलं, आणि साखरेचं अल्कोहोल झालं. नवं यीस्ट त्या अमोनियातून आणि साखरेतून बनलं होतं. लिबिखच्या सिद्धांताला याचं उत्तर नव्हतं. पुढे लिबिखनं हा प्रयोग आपल्याला जमत नाही असं लिहिलं, तेव्हा पाश्चरनं अकादमीच्या समितीसमोर तो करून दाखवण्याचं आव्हान दिलं. लिबिख त्यावर गप्प राहिला; १८७३ मध्ये तो गेला.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं पाश्चरचा सर्वांत मोठा शोध १८६१ चा आहे. काही सूक्ष्मजीव हवेशिवाय जगतात, किंबहुना हवेनं मरतात, हे त्याला दिसलं. आणि यीस्टच्या बाबतीत असं दिसलं, की भरपूर हवा दिली तर यीस्ट जोमानं वाढतं, पण तेवढं वाढण्यासाठी साखर फार थोडी वापरतं. हवा तोडली, तर थोड्याशा वाढीसाठी ढीगभर साखर फोडतं. त्यातून त्यानं ओळखलं, की श्वसन आणि किण्वन ही एकाच गरजेची दोन उत्तरं आहेत. हवा असेल तर एक वाट, नसेल तर दुसरी. अंगातली ऊब आणि भांड्यातले बुडबुडे इथे पहिल्यांदा एका वाक्यात आले.

आणि मग पाश्चर एक पाऊल पुढे गेला. जीव नसेल तर किण्वन नाही, असं तो म्हणू लागला. माझ्या मते हे पाऊल पुराव्याच्या पुढचं होतं. किण्वन होतं तिथं यीस्ट वाढतं, हे त्यानं दाखवलं. पण यीस्टच्या आतलाच एखादा पदार्थ ते काम करत असेल, ही शक्यता त्यानं खोडलेली नव्हती. मोरिट्झ ट्राउबेनं १८५८ मध्येच ती मांडली होती. १८७८ मध्ये क्लोद बेर्नार वारल्यानंतर त्याच्या टिपणवह्या सापडल्या; त्यांतही द्राक्षाच्या रसात पेशींविना अल्कोहोल बनवणारा पदार्थ असावा, असं लिहिलेलं होतं. मित्राच्या मृत्यूनंतर पाश्चरला त्याच्याशी वाद घालावा लागला. त्यानं आर्ब्वा गावी आपल्या द्राक्षवेलींवर काचेची घरं उभारली, घड कापसात गुंडाळले, आणि दाखवलं की हवेतलं यीस्ट द्राक्षांपर्यंत पोचलं नाही तर रस आंबत नाही. पाश्चरचा प्रयोग बरोबर होता. पण बेर्नारचा अंदाजही चुकीचा नव्हता. त्याला सिद्धता मिळाली नव्हती, एवढंच.

ती सिद्धता अशा माणसाला मिळाली, जो ती शोधतच नव्हता.

एडुआर्ट बुख्नर हा रसायनशास्त्रज्ञ. त्याचा थोरला भाऊ हान्स म्युनिकमध्ये जिवाणूंवर संशोधन करत असे. हान्सला सूक्ष्मजीवांच्या आतला रस हवा होता, औषध म्हणून उपयोगी पडतो का ते बघायला. पण पेशीचं कवच फोडायचं कसं? एडुआर्टनं यीस्ट घेतलं, त्यात बारीक वाळू आणि एका जातीची हलकी माती घालून खलात वाटलं. मग तो लगदा कापडात गुंडाळून मोठ्या दाबयंत्रात पिळला. एक किलो यीस्टमधून सुमारे अर्धा लिटर रस निघाला.

हा रस लवकर खराब व्हायचा. टिकावा म्हणून काय घालावं? आपल्याकडे आंब्याचा मुरंबा टिकावा म्हणून जे घालतात, तेच घातलं : भरपूर साखर. आणि थोड्या वेळानं त्या रसातून बुडबुडे येऊ लागले.

कल्पना करा. पेशी शिल्लक नाहीत, वाढ नाही, अंकुर नाहीत. आणि साखरेचं अल्कोहोल होतंय. बुख्नरला कळलं आपण काय पाहतोय. ९ जानेवारी १८९७ ही तारीख असलेला त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या पदार्थाला त्यानं 'झायमेज' नाव दिलं. विरोधक म्हणाले, रसात जिवंत द्रव्याचे तुकडे उरले असतील. त्यानं रस बारीक गाळण्यांतून गाळला, वाळवून भुकटी केली, अ‍ॅसिटोननं मारलेलं यीस्ट वापरलं. क्रिया चालूच राहिली. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. पहिल्या महायुद्धात तो आघाडीवर गेला आणि १९१७ मध्ये रुमानियात जखमी होऊन वारला.

आता माझी एक कबुली. वर्गात प्राणशक्तिवाद शिकवताना मी वर्षानुवर्षं सांगत असे : १८९७ साली बुख्नरच्या खलात प्राणशक्तीचा अंत झाला. ऐकायला छान वाटतं. एकदा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, पण रस काढायला जे यीस्ट लागलं, ते कुणी वाढवलं?" वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढे गेलो. घरी येताना बसमध्ये माझ्या लक्षात आलं, की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. रस साखर फोडतो. पण तो आणखी रस बनवत नाही. काही काळानं त्याचा जोर संपतो. जिवंत यीस्ट साखर फोडतं आणि त्यातून स्वतःला पुन्हा बनवतं. लिबिखला पहिला भाग दिसत होता, पाश्चरला दुसरा. प्रश्न एकच आहे असं दोघांनी धरलं होतं, आणि प्रत्यक्षात ते दोन प्रश्न होते.

पुढची चाळीस वर्षं पहिल्या प्रश्नाची होती. लंडनमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी १९०५-०६ च्या सुमारास पाहिलं, की मंदावलेल्या रसात फॉस्फेट घातलं की तो पुन्हा जोर धरतो. झायमेज हा एक पदार्थ नव्हताच; ती विकरांची रांग होती, आणि त्यांना मदत करणारे छोटे रेणूही लागत होते. विकर म्हणजे इंग्रजीत ज्याला एन्झाइम म्हणतात ते. ग्रीकमध्ये त्या शब्दाचा अर्थच मुळी 'यीस्टमध्ये'.

दुसरीकडे १९०७ मध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर काम केलं. ऑक्सिजन नसताना स्नायू आकुंचन पावले की त्यात लॅक्टिक आम्ल साठतं, ऑक्सिजन मिळाला की ते नाहीसं होतं. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्यातलं आम्ल. म्हणजे आपण धावतो तेव्हा मांडीत काही प्रमाणात विरजणच लागत असतं!

हे दोन धागे ऑटो मायरहोफनं जोडले. हा आमच्या गोतातला माणूस. तरुणपणी तो लिओनार्ड नेल्सन या कांटपरंपरेतल्या तत्त्वज्ञाच्या वर्तुळात होता. १९१८ मध्ये त्यानं दाखवलं, की यीस्टच्या रसाला लागणारा मदतनीस रेणू स्नायूतही असतो. पुढे एम्बडेन, पार्नास आणि इतरांच्या कामातून १९३० च्या दशकात सगळ्या पायऱ्या स्पष्ट झाल्या. यीस्ट आणि माणसाचा स्नायू दोघंही ग्लुकोज एकाच क्रमानं फोडतात. फक्त शेवट वेगळा. एकाचा अल्कोहोलमध्ये, दुसऱ्याचा लॅक्टिक आम्लात. मायरहोफ ज्यू होता. १९३८ मध्ये त्याला जर्मनी सोडावी लागली, मग १९४० मध्ये फ्रान्सही.

यातून ऊर्जा कोणत्या नाण्यात मिळते, तेही कळलं. ते नाणं म्हणजे एटीपी हा रेणू. तो १९२९ मध्ये जर्मनीत लोहमाननं आणि अमेरिकेत फिस्के व सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे शोधला. हे यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. एका ग्लुकोजच्या किण्वनातून निव्वळ दोन एटीपी मिळतात. ऑक्सिजन वापरून तेच ग्लुकोज पूर्ण जाळलं, तर सुमारे तीस. पाश्चरच्या यीस्टला हवेत साखर कमी का लागत होती, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

उरलं श्वसन. ते फुप्फुसात होतं असं लव्हॉझिएला वाटत होतं. ते प्रत्येक पेशीत होतं, हे फ्ल्यूगर यांच्यासारख्यांच्या कामामुळे १८७० च्या दशकात मान्य झालं. १९३७ मध्ये हान्स क्रेब्ज यांनी शेफील्डमध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूवर काम करून ज्वलनाचं चक्र मांडलं. 'नेचर' नियतकालिकानं तो लेख जागेअभावी परत केला. पुढे त्याच कामाला नोबेल मिळालं.

आता शेवटची पायरी राहिली होती. ज्वलनातून सुटलेली ऊर्जा एटीपीत भरली जाते कशी? किण्वनाच्या अनुभवावरून सगळ्यांना वाटलं, इथेही मधे एखादा ऊर्जाभरला रेणू असेल. शोधा म्हणजे सापडेल. उत्तमोत्तम प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं शोधला. सापडला नाही. शिवाय एक त्रास होता. पेशीत तंतुकणिका नावाच्या बारीक पिशव्या असतात, त्यांत हे काम चालतं. त्यांचं पटल फाटलं, की ऑक्सिजन वापरला जातो, पण एटीपी बनत नाही. म्हणजे बुख्नरची युक्ती इथे चालत नव्हती. वाटलं की काम बंद.

१९६१ मध्ये पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञानं सांगितलं, की तुम्ही शोधताय तो रेणू नाहीच. ज्वलनाची ऊर्जा पटलाच्या एका बाजूचे प्रोटॉन दुसऱ्या बाजूला ढकलण्यात खर्च होते. तिकडे त्यांचा साठा होतो. ते परत येताना एटीपी बनवणारं यंत्र फिरवतात. कोयनेचं धरण डोळ्यांसमोर आणा : उंचीवर पाणी अडवलेलं, ते खाली येताना जनित्र फिरवतं. त्या पाण्यात वीज 'साठवलेली' नसते. वरची आणि खालची पातळी वेगळी आहे, एवढंच. भिंत फुटली तर पाणी तेवढंच राहतं, पण जनित्र फिरत नाही. म्हणून फाटलेल्या पटलात एटीपी बनत नव्हतं.

फार थोड्यांनी विश्वास ठेवला. मिचेलनं कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनजवळ एका जुन्या वाड्यात छोटी खासगी प्रयोगशाळा काढली आणि काम चालू ठेवलं. १९७८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. ते यंत्र खरोखर गोल फिरतं, हे पुढे जपानी शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलंसुद्धा.

मग पाश्चर जिंकला का? सबंध, शाबूत रचना लागते म्हणजे प्राणशक्ती आली का? थांबा. १९७४ मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी सोयाबीनमधल्या स्निग्ध पदार्थांपासून बारीक पिशव्या केल्या. त्यांत एका जांभळ्या सूक्ष्मजीवाचं प्रोटॉन ढकलणारं प्रथिन बसवलं आणि गाईच्या हृदयातलं एटीपी बनवणारं यंत्र बसवलं. त्या पिशव्यांवर प्रकाश पाडला. एटीपी बनलं. सोयाबीन, सूक्ष्मजीव आणि गाय; यातलं काहीच जिवंत नव्हतं. पण आत-बाहेर वेगळं करणारी बंद भिंत होती.

म्हणून दोनशे वर्षांच्या भांडणाचा निकाल मला असा दिसतो. किण्वन रसात चालतं. त्यासाठी योग्य पदार्थ पुरेत. श्वसनाची शेवटची पायरी रसात चालत नाही; तिला पदार्थ आणि त्यांची मांडणी, दोन्ही लागतात. कोणतीही जादा शक्ती कुठेच लागत नाही. पण 'नुसते पदार्थ' हे उत्तरही पुरत नाही. कोणता पदार्थ भिंतीच्या कोणत्या बाजूला आहे, हाही कारणाचा भाग आहे.

आता परत लोकायतांकडे. त्यांच्या दाखल्यात एक गोष्ट खरी ठरली : घटकांत नसलेला गुण समुदायात येऊ शकतो, आणि त्यासाठी बाहेरून काही आणावं लागत नाही. हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखलं, याचं मला कौतुक वाटतं. पण दोन गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटल्या. त्यांचं किण्व स्वतःच सजीवांनी भरलेलं होतं. म्हणजे ज्याचा दाखला द्यायचा, तेच दाखल्यात आधीपासून बसलेलं होतं. आणि दुसरी, नुसतं एकत्र येणं पुरत नाही, विशिष्ट रीतीनं मांडलं जाणं लागतं.

काही श्रोते नेहमी विचारतात, म्हणून आधीच सांगतो. यावरून चैतन्य हा भूतांचाच गुण आहे हे सिद्ध झालं का? नाही. साखरेच्या बाबतीत आपण असं म्हणू शकतो, कारण लव्हॉझिएच्या जमाखर्चापासून मिचेलच्या भिंतीपर्यंत एकेक पायरी कुणीतरी मोजून, तपासून दाखवली आहे. चैतन्याच्या बाबतीत तशी वही आपल्याकडे नाही. तेव्हा जो कोणी म्हणेल 'मेंदूतून चैतन्य येतं, जसं किण्वातून मद्य', त्याला आपण विचारायचं, की तुमचं पहिलं पान कुठे आहे? आणि जो म्हणेल 'हे कधीच कळणार नाही, तिथं वेगळीच शक्ती आहे', त्याला १८९७ ची आठवण करून द्यायची.

त्या विद्यार्थिनीला मी पुढच्या तासाला सांगितलं, की तुझा प्रश्न बरोबर होता आणि माझं वाक्य अर्धवट होतं. तेव्हा मात्र वर्गातलं कुणी हसलं नाही.

आज इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर कळवा.